यमन सापडतो का?

दुकानात जाऊन ‘घरी गाणी ऐकायला चांगली सिस्टीम हवी’ म्हटलं की समोरचा माणूस आधी स्पीकर दाखवतो, मग अॅम्प्लिफायर, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते बाकीचं. पन्नास सीडी असणाऱ्याला हा क्रम चालून जातो. ज्याच्याकडे दीड हजार सीडी, चारशे कॅसेट, वडिलांच्या वेळच्या एलपी, कपाटाच्या तळाशी लाखेच्या तबकड्या आणि दोन-तीन जुन्या हार्डडिस्कवर इकडून तिकडून जमलेल्या मैफिली आहेत, त्याने मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात करावी. रविवारी संध्याकाळी यमन ऐकावासा वाटला, तर घरात यमन किती आहेत, कुणाकुणाचे आहेत, आणि हवा तो अर्ध्या मिनिटात वाजू लागतो का? हे जमत नसेल तर स्पीकर कितीही भारी आणा, त्यावर हाताशी असलेली तीच दहा-बारा गाणी वाजत राहतात. बाकीचा संग्रह जागा अडवतो.

अडचणीचं मूळ असं, की गाणी लावणारी बहुतेक सॉफ्टवेअरं इंग्रजी पॉप गाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यांच्या लेखी कलाकार, अल्बम आणि गाणं या तीन गोष्टींत जग संपतं. ख्याल या साच्यात बसत नाही. आपण आधी राग शोधतो, त्यात गायक, मग ताल, कधी बंदिशीचे बोल. भावगीताला गायक, संगीतकार आणि गीतकार अशी तीन नावं लागतात. नाट्यपदाला नाटकाचं नाव हवं. शिवाय एकच पद दहा जणांनी गायलेलं असतं, म्हणून मुखडा हाच खरा दुवा. फोल्डर करून हे सुटत नाही. भीमसेन जोशींच्या फोल्डरात ठेवलेला मारवा ‘मारवा’ नावाच्या फोल्डरात नसतो; दोन्हीकडे ठेवायचा तर प्रती वाढतात आणि वर्षभरात कुठली खरी ते कळेनासं होतं. माहिती फाइलच्या आत, टॅगमध्येच (म्हणजे फाइलीतच असणाऱ्या माहितीच्या रकान्यांत) लिहायला हवी.

टॅग भरायला विंडोजवर एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ‘राग’ आणि ‘ताल’ असे स्वतःचे रकाने त्यात करता येतात, आणि फूबार २०००, म्यूझिकबी, जेरिव्हर मीडिया सेंटर यांसारखे प्लेअर ते वाचून त्यांच्यावरून यादी लावतात. मोबाइलवरची बरीच अॅप्स मात्र असे घरचे रकाने सरळ दुर्लक्षितात. म्हणून रागाचं नाव ‘प्रकार’ म्हणजे जॉनरच्या रकान्यातही टाकावं, कारण तो रकाना जवळपास प्रत्येक प्लेअर वाचतो. फ्लॅक (ध्वनीतलं काहीही न गाळता साठवणारा प्रकार) फाइलमध्ये एकाहून जास्त प्रकार लिहिता येतात: ख्याल एक, यमन दुसरा. एमपीथ्रीच्या जुन्या आयडीथ्री २.३ टॅगमध्ये याची धड सोय नाही; कुणी मध्ये तिरकी रेघ देतं, कुणी अर्धविराम, आणि काही प्लेअर ‘ख्याल/यमन’ हाच एक सलग प्रकार समजतात. तिथे २.४ वापरावा आणि आपला प्लेअर तो नीट तोडतो का, हे दोन फाइलींवर पाहून घ्यावं.

नावांचा घोळ याहून मोठा. ‘पं.’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ ही आदराची बिरुदं कलाकाराच्या रकान्यात आली की अकारविल्ह्यात अर्धा संग्रह ‘प’खाली जमतो. आदर कमी होत नाही. बिरुदं काढून टाकावीत. ‘गुलाम अली’ शोधलं तर बडे गुलाम अली खाँ आणि गझलवाले गुलाम अली दोघंही येणार, तेव्हा पूर्ण नाव एकदाच ठरवावं आणि तेच सगळीकडे ठेवावं. (‘गंधर्व’ शोधल्यावर बाल, सवाई, छोटा आणि कुमार एका रांगेत येतात, ते तसेच राहू द्यावेत.) रागांचंही तेच. बिहाग की बेहाग, मियाँ मल्हार की मियाँ की मल्हार, तोडी आणि मियाँ की तोडी एकच धरायचे का, हे निर्णय आधी घ्यायचे. शे-दीडशे रागनावांची एक साधी मजकूर-फाइल करावी आणि टॅगमध्ये नाव नेहमी तिथूनच उचलून चिकटवावं. हाताने टाइप करायचं नाही. कारण देवनागरीत डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरं संगणकाला वेगळी असू शकतात. ‘कऱ्हाडे’मधला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं सापडत नाही.

देवनागरी की रोमन? टॅग देवनागरीत ठेवावेत असं माझं मत आहे, कारण रोमनमध्ये ‘अमीर’ लिहिण्याच्या तऱ्हा मोजायला बसलं तर दिवस जाईल. फाइलींची आणि फोल्डरांची नावं मात्र साध्या रोमनमध्ये, चिन्हांशिवाय असू द्यावीत. मॅक, विंडोज आणि लिनक्स यांच्यात नकला फिरवताना देवनागरी फाइलनावं अधूनमधून दगा देतात. आणखी एक: छोट्या पडद्याच्या काही स्ट्रीमरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणाऱ्या यंत्रांत, देवनागरी फॉन्टच नसतो आणि नावाच्या जागी चौकोन दिसतात. विकत घेण्याआधी पेन ड्राइव्हवर एक देवनागरी टॅगची फाइल नेऊन दुकानातच लावून पाहावी.

हे ठरलं की सर्व्हर, म्हणजे घरभर गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर, निवडणं सोपं जातं. संग्रह एका जागी, वाजवणारी यंत्रं खोलीखोलीत, हातात मोबाइल, अशी रचना करायची असेल तर पर्याय थोडे आहेत. लिरियन म्यूझिक सर्व्हर हा त्यातला जुना आणि फुकट. लॉजिटेक कंपनीने स्क्वीझबॉक्स ही गाणी वाजवणारी यंत्रं २०१२ मध्ये बंद केली, पण त्यांचं सॉफ्टवेअर लोकांनी जिवंत ठेवलं आणि २०२४ मध्ये त्याला हे नवं नाव मिळालं. ते रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकावर आरामात चालतं. रून दिसायला देखणं, वापरायला सुखाचं, पण पैसे भरून घ्यावं लागतं आणि त्याला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक हवा. त्याची खरी जादू इंटरनेटवरून अल्बम ओळखून माहिती जोडण्यात आहे, आणि हिंदुस्थानी अल्बम त्याला अनेकदा ओळखता येत नाहीत. ज्यासाठी पैसे मोजायचे तेच आपल्या संग्रहाला कमी मिळतं. बाहेरगावाहून मोबाइलवर आपली गाणी ऐकायची असतील तर नॅव्हिड्रोम हलकं आणि चांगलं. एकाच खोलीत, एकाच संगणकावरून ऐकणाऱ्याने यातलं काहीच घेऊ नये. फूबार २००० आणि एक यूएसबी डॅक (संगणकातल्या आकड्यांचा आवाज करून अॅम्प्लिफायरला देणारी डबी) एवढ्यावर काम भागतं.

निवड पक्की करण्याआधी वीस अल्बमांचा नमुना करून प्रत्येक सॉफ्टवेअरवर लावून पाहावा. नमुन्यात अडचणीचेच अल्बम घ्यावेत: विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर तोडलेला ख्याल, दोन सीडींचा संच, एक जुगलबंदी, वेगवेगळ्या गायकांची भावगीतं, तासाभराची एकच फाइल असलेली मैफल, एक देवनागरी टॅगचा. भावगीतांच्या अल्बमाचे बारा तुकडे झालेले दिसले तर ‘अल्बम कलाकार’ हा रकाना रिकामा राहिलाय. तिथे सगळ्या ट्रॅकवर एकच शब्द भरला की अल्बम पुन्हा एक होतो. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा क्षणभर तुटला तर प्लेअर दोन ट्रॅक सलग जोडत नाही. डीएलएनएवर (घरच्या नेटवर्कवरून गाणी पाठवण्याच्या एका पद्धतीवर) चालणाऱ्या बऱ्याच यंत्रांना हा रोग असतो. एमपीथ्रीमध्ये दोष फाइलीचाही असू शकतो, कारण एमपीथ्री बनवणारा एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. पॉप गाण्यात ते कुणाला कळणारही नाही. ख्यालात तुटलेला तानपुरा सहन होत नाही. या एका कसोटीवर मी अर्धे पर्याय बाद करेन.

आता संग्रह आत घेण्याचं काम. सीडी सर्वांत सोप्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने वाचून फ्लॅकमध्ये साठवाव्यात. फ्लॅकमध्ये सीडीवरचं काहीही टाकून दिलं जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. सीडीमागे सव्वातीनशे एमबी धरले तर दीड हजार सीडी पाचशे जीबीत बसतात. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून जागा वाचवायला एमपीथ्री करण्याचं कारण उरलेलं नाही. अॅक्युरेटरिप ही सोय आपण वाचलेली सीडी इतरांनी वाचलेल्या त्याच सीडीशी ताडून पाहते. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांच्या सीडी तिथे नसल्या तर तीच सीडी दोनदा वाचून दोन्ही वेळच्या बेरजा (वाचलेल्या माहितीवरून सॉफ्टवेअर काढतं ते पडताळणीचे आकडे) जुळतात का, ते पाहावं. सुरुवात घरी भाजलेल्या, म्हणजे लिहिता येणाऱ्या सीडींपासून करावी. त्यांच्यातला रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो. छापील सीडी थांबू शकतात, या नाही.

कॅसेटींना वेळ लागतो, आणि तो कमी करता येत नाही. चारशे कॅसेट, प्रत्येकी एक तास, म्हणजे चारशे तास. रोज दोन तास दिले तरी दोनशे दिवस. म्हणून आधी चाळणी: जे सीडीवर किंवा चांगल्या प्रतीत विकत मिळतं ते सोडून द्यावं, आणि खाजगी मैफिली, रेडिओवरून टेप केलेलं, घरातल्या माणसांचे आवाज आधी घ्यावेत. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली तर हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटीला जाते. तिच्यासाठी एखादा जुना, वाया गेला तरी चालेल असा डेक ठेवावा, आणि वाजवण्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी. फितीमागचा छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका आणि हेलकावे खाणारा येतो. स्क्रूचं कवच असेल तर फितीची दोन्ही चाकं चांगल्या कवचात हलवता येतात. चिकटवलेलं कवच जपून फोडावं लागतं.

डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या डेकवर टेप केलं त्याचा कोन आणि आपल्या डेकचा कोन सहसा जुळत नाही, आणि न जुळल्यास तबल्याच्या चाटीचा टोकदारपणा, ‘स’ आणि ‘श’ सगळं बोथट होतं. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकत तो स्क्रू अगदी किंचित-किंचित हलवावा आणि आवाज सर्वांत उजळ येईल तिथे थांबावं. कॅसेटीगणिक पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने हा गमावलेला उजेड परत येत नाही.

ध्वनिमुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला करावं. तासाला साधारण एक जीबी होतो. एलपीसाठी ९६ किलोहर्ट्झ घेतलं तर तासाला दोन जीबी. सर्वांत जोरकस तान मीटरवर उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही एवढीच पातळी ठेवावी. ही मूळ प्रत तशीच राखायची आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करायची. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढताना आधी ‘नुसत्या खरखरीचा’ नमुना द्यावा लागतो. ख्यालाच्या टेपमध्ये अशी जागा सापडणं कठीण, कारण गायक थांबला तरी तानपुरा चालूच असतो. तो तुकडा नमुना म्हणून दिला तर सॉफ्टवेअर इमानेइतबारे संपूर्ण मैफलीतून तानपुरा पुसून काढतं. नमुना तानपुरा सुरू होण्याआधीच्या एक-दोन सेकंदांतला घ्यावा; तेवढंही मिळालं नाही तर खरखर राहू द्यावी. कानाला तिची सवय दहा मिनिटांत होते.

लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या हे वेगळंच प्रकरण. त्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते. तीन मिलची, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन टोकाची वेगळी सुई लागते. एलपी स्पिरिटने पुसणाऱ्यांनी इथे हात आवरावा: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि मधलं लेबल कोरडं. वेगही नेमका अठ्ठ्याहत्तरच असेल असं नाही. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यात गाऊन घेतलेल्या मुद्रणांत तो बराच इकडेतिकडे असतो. पट्टी हार्मोनियमवर पडताळून वेग लावावा. या तबकड्या मोनो असतात, तेव्हा दोन्ही चॅनेल एकत्र करावेत. दोन्हीकडचा आवाज सारखा असतो, खरखर मात्र वेगवेगळी. बेरजेत खरखर मागे पडते.

अमेरिकेतल्या नातलगाने पाठवलेला जुना टर्नटेबल घरी आला असेल तर त्याची मोटर तपासावी. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून दाब सुधारतो, पण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०. विजेच्या हर्ट्झवर फिरणारी साधी सिंक्रोनस मोटर इथे सहापैकी पाच भागच वेगाने फिरते: तेहतीस फेऱ्यांच्या जागी अठ्ठावीसही होत नाहीत. पट्टी तीन अर्धस्वरांहून थोडी अधिक उतरते. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही खाली जाते. अशा यंत्राला ५० हर्ट्झची कप्पी बसवावी लागते. क्वार्ट्झने वेग धरणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट तबकडी फिरवते अशा) यंत्रांना ही अडचण नसते, त्यांना ट्रान्सफॉर्मर पुरतो.

स्पीकरकडे आता यावं. गायकीप्रधान, जुन्या मुद्रणांनी भरलेल्या संग्रहाला मधल्या सप्तकाचा स्वच्छ आवाज हवा. ७८च्या तबकड्यांत पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर संगीत जवळपास नसतंच, खरखर असते. त्यामुळे दुकानात ‘काय चकाचक’ वाटणारा चढ्या सुराचा स्पीकर घरी फक्त खरखर मोठी करून ऐकवतो. ऐकायला जाताना आपल्याच संग्रहातली तीन मुद्रणं न्यावीत: एक जुनं नाट्यपद, एक बाईंचा ख्याल, एक तबल्याचं एकलवादन. दहा बाय बाराच्या खोलीला मोठी ताकद लागत नाही. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर मीटरभर अंतरावर ८६ डेसिबल देतो, १६ वॅटवर ९८. चाळीस-पन्नास वॅटचा चांगला अॅम्प्लिफायर पुरून उरतो. तारांची गर्दी नको असेल तर अॅम्प्लिफायर पोटात असलेले अॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत.

खोली मात्र स्पीकरइतकीच वाजते. दहा फूट आणि बारा फूट लांबींना अनुक्रमे ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास घुमारा असतो, आणि स्पीकर भिंतीला चिकटवला की डग्ग्याचा प्रत्येक ‘घे’ ओढल्यासारखा रेंगाळतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणल्यावर निम्मं काम होतं. फरशी, प्लॅस्टर आणि काचेच्या खिडक्या यांच्यात टाळी वाजवली तर मागोमाग बारीक थरथर ऐकू येते. तीच गायकाच्या तानेलाही चिकटते. समोर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. कानाच्या उंचीला ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर देणारा छोटा भाग). एवढ्याने होणारा फरक महाग तारांनी होणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी जास्त असतो.

वेगवेगळ्या काळातली मुद्रणं एकापाठोपाठ लावली तर एक कुजबुजतं आणि पुढचं अंगावर येतं. त्यावर रिप्लेगेन हा उपाय: सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलचा सरासरी आवाज मोजून टॅगमध्ये आकडा लिहितं, मूळ ध्वनीला हात लावत नाही. भावगीतांच्या मिश्र यादीला ट्रॅकनुसार, ख्यालाला अल्बमनुसार लावावं. नाहीतर शांत आलाप आणि तापलेला द्रुत सारख्याच आवाजात येतात आणि गायकाने चढवत नेलेला ख्याल सपाट होतो.

गुणगुण येत असेल तर आधी टर्नटेबलची जमिनीची (अर्थिंगची) बारीक तार फोनो प्रीअॅम्पला, म्हणजे सुईचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डबीला, जोडलीय का ते पाहावं. तरीही राहिली तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्यावा; जुन्या इमारतींत तो दोन-तीन व्होल्टच्या वर सापडला तर दोष सिस्टीमपेक्षा वायरिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावावीत. वीज जाण्यायेण्याने रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडतं. पायकोअरप्लेअर ही रास्पबेरी पायवर गाणी वाजवणारी प्रणाली कार्डावरून एकदा मेमरीत चढते आणि तिथूनच चालते, म्हणून अचानक बंद पडली तरी सहसा वाचते. हार्डडिस्कला मात्र छोटा यूपीएस द्यावाच.

आणि प्रती. दोन डिस्कवर आरसा धरणारं रेड (तीच माहिती एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिणारी रचना) हे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी कपाटात न जोडता ठेवलेल्या डिस्कवर, तिसरी वेगळ्या घरी, जमलं तर वेगळ्या गावी. फ्लॅकच्या पोटात मूळ ध्वनीची खूण साठवलेली असते, त्यामुळे सगळा संग्रह शाबूत आहे का हे सॉफ्टवेअरला एका आज्ञेत तपासता येतं. पाचशे जीबीला काही तास लागतात. रात्री लावून झोपावं. दर सहा महिन्यांनी, आणि नवी प्रत काढण्याच्या आधी, नंतर नव्हे; नाहीतर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीवर लिहिली जाते. एखादी फाइल नापास झाली तर ती दुसऱ्या प्रतीतून आणावी आणि त्या डिस्कची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती) उघडून बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे खराब झाल्याने बाद केलेल्या तुकड्यांचा, आकडा पाहावा. तो शून्यावरून वाढायला लागला असेल तर नवी डिस्क त्याच आठवड्यात घ्यावी.